अलॉय धुतले की आठवड्यात पुन्हा काळे: अडीच टनी गाडीला कमी धुळीचे ब्रेक पॅड घेण्याआधी

तक्रार ठरलेली असते. गाडी बहुधा जर्मन किंवा ब्रिटिश, वजन दोन-अडीच टन, चाकं २० किंवा २१ इंची, चंदेरी नाहीतर डायमंड-कट, म्हणजे लेथवर कापून चकाकवलेली. रविवारी चकाचक धुतलेले अलॉय गुरुवारपर्यंत काळवंडतात. पावसाळ्यात त्याच काळ्यावर तांबूस ठिपके धरतात आणि ते साध्या शाम्पूने निघत नाहीत. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर "सर, हे नॉर्मल आहे" असं उत्तर येतं. उत्तर खोटं नाही, पण त्याने समाधानही होत नाही. मग मालक वैतागून 'सिरॅमिक, लो डस्ट' लिहिलेला जो सेट पहिला दिसेल तो मागवतात आणि खोका घेऊन गॅरेजात येतात.

मी त्यांना आधी खोका बाजूला ठेवायला सांगतो. कमी धुळीचे पॅड असतात, चांगले असतात आणि जड गाडीलाही चालतात. पण धूळ कमी होते म्हणजे ब्रेकचा स्वभावही बदलतो. थंड असताना तो कसा पकडतो आणि घाटात तापल्यावर कसा वागतो, दोन्हींत फरक पडतो. अडीच टनांच्या गाडीत हा फरक पायाला जाणवतो. म्हणून पॅडची निवड तापलेल्या टोकाकडून करायची. चाकाचा रंग त्याच्या नंतर.

काळं येतं कुठून

लोकांना वाटतं की ही सगळी भुकटी पॅडची. तसं नाही, तिच्यातला मोठा वाटा डिस्कचा, म्हणजे पॅड ज्या फिरत्या चकतीला पकडतात तिचा असतो. डिस्क बिडाची, म्हणजे लोखंडाचीच. युरोपियन कंपन्या कारखान्यातून जे पॅड बसवतात ते बहुतेक 'लो-मेटॅलिक' जातीचे असतात. नावावरून धूळ कमी असेल असं वाटतं, प्रत्यक्षात सर्वांत जास्त काळं याच जातीचं. त्यांच्यात स्टीलचे तंतू आणि अपघर्षक कण असतात. हे पॅड डिस्कला खरवडून पकडतात. त्यामुळे पॅडही झिजतो आणि डिस्कही, आणि दोघांची भुकटी मिळून चाकावर बसते. त्यातल्या लोखंडाला दमट हवा लागली की ते गंजतं आणि लॅकरला, म्हणजे चाकावरच्या पारदर्शक लेपाला चिकटतं. तांबूस ठिपके त्याचेच. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं, पुण्या-नाशकात जरा उशिरा.

मग युरोपवाले असे पॅड देतात तरी का? जर्मनीत आजही ऑटोबानच्या बऱ्याच पट्ट्यांवर वेगमर्यादा नाही. २०० च्या वेगावर एकदम ब्रेक दाबला तर पहिल्या क्षणापासून पकड हवी, पेडल कडक हवं आणि लागोपाठ दोन-तीनदा दाबूनही ती पकड टिकायला हवी. लो-मेटॅलिक ते काम चोख करतात. चाकाची शोभा त्यांच्या यादीत खाली असते.

जपानी आणि अमेरिकी बाजाराची आवड वेगळी. तिथे ब्रेक शांत हवा, चाक स्वच्छ हवं. म्हणून तिकडच्या गाड्यांना साधारणपणे 'एनएओ' (नॉन-अॅस्बेस्टॉस ऑर्गॅनिक), म्हणजे स्टील नसलेले सेंद्रिय पॅड असतात. बाजारात ज्याला 'सिरॅमिक' म्हणतात ते याच कुटुंबातलं. हे पॅड डिस्कला खरवडण्याऐवजी तिच्यावर स्वतःचा एक पातळ थर चढवतात, बिडाच्या तव्यात तेल मुरवावं तसा, आणि मग पॅड त्या थरावर घासतो. डिस्क कमी झिजते, धूळ कमी होते, जी होते ती फिकट असते आणि चाकाला तितकी चिकटत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या टोयोटाचे अलॉय महिनोन्महिने स्वच्छ का दिसतात याचं कारण हे.

आता वजनाचा हिशोब. १,२०० किलोची हॅचबॅक १०० च्या वेगावरून थांबवताना साधारण ४.६ लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. २,५०० किलोच्या एसयूव्हीला, म्हणजे मर्सिडीज जीएलएस, बीएमडब्ल्यू एक्स-७ किंवा रेंज रोव्हरच्या गटातल्या गाडीला, हाच आकडा ९.६ लाखांवर जातो. प्रत्येक वेळी दुप्पट काम. जड गाडीची चाकं जास्त काळी होण्यात फार मोठं गूढ नाही.

खोका उघडण्याआधी चारही चाकं बघा

गाडी एकदा नीट धुवा, आठवडाभर नेहमीसारखी चालवा आणि मग उजेडात चारही चाकं शेजारी-शेजारी असल्यासारखी मनात ठेवून बघा. पुढची मागच्यांपेक्षा काळी असणं ठीक. जोराच्या ब्रेकला वजन पुढे झुकतं आणि पुढची चाकं जास्त काम करतात. काही नव्या गाड्यांत मागची चाकंही बरीच काळी होतात. हलक्या ब्रेकला संगणक मागच्या धुऱ्याला जास्त काम देतो, गाडी घसरू न देणारा स्टॅबिलिटी प्रोग्रामही मागचा ब्रेक अधूनमधून वापरतो. तेही ठीक.

तुलना डाव्या-उजव्याची करायची. पुढचं डावं आणि पुढचं उजवं सारखं काळं आहे का? मागचं डावं आणि मागचं उजवं? एकच चाक ठळकपणे काळं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, सतत घासतोय. एकच चाक विचित्र स्वच्छ असेल तर मला जास्त काळजी वाटते, कारण तो ब्रेक धरतच नसावा. मालक मात्र हे दुसरं कधीच सांगत नाहीत. स्वच्छ चाकाची तक्रार कोण करतो?

अलिबागकडची एक एसयूव्ही आमच्याकडे अशीच आली होती. मालकांनी सिरॅमिकचा पूर्ण सेट आणला होता. मागचं डावं चाक बाकीच्या तिघांच्या मानाने काळंकुट्ट. चाक काढलं, कॅलिपर, म्हणजे आतला-बाहेरचा पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, उघडला. बाहेरच्या पॅडवर बोटभर नाही तरी चांगला माल शिल्लक होता आणि आतला पॅड खालची लोखंडी पाटी दिसायला लागेपर्यंत संपलेला. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन हाताने फिरेना. पक्कडीने ओढून काढली तर तिच्यावरचं ग्रीस वाळून तपकिरी खपली झालेलं आणि रबरी बूट फाटून आत गंज चढलेला. पिस्टन आतला पॅड दाबत होता, पण कॅलिपर सरकून बाहेरच्याला ओढत नव्हता. ब्रेक सोडल्यावर आतला पॅड डिस्कला टेकलेलाच राहायचा. या गाडीला जगातला सर्वांत महाग लो-डस्ट पॅड घातला असता तरी ते चाक काळंच राहिलं असतं. पिन, बूट, ग्रीस आणि दोन्ही बाजूंचे पॅड बदलल्यावर डावं-उजवं सारखं झालं. ते ग्रीस सिलिकॉनचंच लागतं, हे सांगून ठेवतो. साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पुढे सहा पिस्टनचा फिक्स्ड, म्हणजे न सरकणारा कॅलिपर असेल तर स्लाइड पिन नसतात. तिथे एखादा पिस्टन आळसावतो किंवा पॅड ज्या खाचेत बसतो तिथे गंज धरून तो सरकत नाही. ब्रेक होज आतून सुजला असेल तर दाब जातो पण परत येत नाही, आणि लक्षण तेच: एक चाक काळं आणि गरम.

गरमपणा मोजायला लेसरवालं थर्मामीटर पुरतं. वीस-पंचवीस मिनिटं नेहमीसारखी गाडी चालवा, शेवटी जोरात ब्रेक न लावता थांबा आणि लगेच मोजा. नेम डिस्कच्या चकचकीत भागावर धरू नका, तिथे आकडा प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. कडेच्या किंवा मधल्या गंजकट काळ्या भागावर धरा. पुढच्यांची तुलना पुढच्यांशी, मागच्यांची मागच्यांशी. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल तर आधी तिचा निकाल लावा, पॅडची खरेदी नंतर.

ब्रेक नक्की कोण लावतंय

चारही चाकं बरोबरीने काळी आहेत, तापमानं जुळतात. म्हणजे दोष नाही. तरीही पॅडवर येण्याआधी एक प्रश्न: ब्रेक तुम्ही लावता की गाडी?

अडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप सांभाळणारी सोय, लावून हिंजवडीच्या किंवा पश्चिम द्रुतगती मार्गाच्या गर्दीत रोज जाणाऱ्या गाड्यांची चाकं जास्त काळी असतात, असं आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून मी सांगतो. चांगला ड्रायव्हर पुढचा सिग्नल बघून पाय आधीच उचलतो. क्रूझला पुढच्या गाडीचं अंतर दिसतं, ती अंतर कमी झालं की ब्रेक लावते आणि वाढलं की वेग देते. गर्दीत ती बंद ठेवा. पावसाळ्याचा आणखी एक भाग: वायपर चालू असताना अनेक लक्झरी गाड्या अधूनमधून पॅड डिस्कला हलकेच टेकवतात, पाणी पुसून ब्रेक तयार ठेवण्यासाठी. ते बंद करायच्या भानगडीत पडू नका.

आणि घाट. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. अडीच टन वजन तेवढं खाली आणायचं म्हणजे सुमारे १.३५ कोटी ज्यूल. १०० च्या वेगावरून पूर्ण थांबण्याचे जवळपास १४ प्रसंग एका उतारात. हवेचा आणि टायरचा रोध त्यातलं थोडं खातो. उरलेलं एकतर इंजिन घेणार, नाहीतर ब्रेक. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर हिशोब याच्या दुपटीहून वर जातो.

गिअर 'डी'मध्ये ठेवून पूर्ण घाट ब्रेकवर उतरणारे निम्मे तरी असतील. ऑटोमॅटिक गाडीत गिअर खाली आणता येतो हेच कित्येकांना ठाऊक नसतं. स्टिअरिंगमागची डावी पाती ओढा, तिसरा-चौथा गिअर धरा, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या, ते त्यासाठीच आहे. एका गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हरला मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मामा, साहेबांना आवाज आवडत नाही." साहेबांना विचारलं तर त्यांना आवाजाचं काही नव्हतं, फक्त कुणी समजावलं नव्हतं. एवढ्या एका सवयीने फुकटात जेवढी धूळ कमी होते तेवढी कित्येकदा पॅड बदलूनही होत नाही.

आता पॅड

इथवर सगळं ठीक असेल आणि तरीही चाकं डोळ्यांत खुपत असतील, तर खुशाल सिरॅमिककडे वळा. मात्र दुकानात नुसतं 'सिरॅमिक द्या' म्हणू नका. हा शब्द कुणीही खोक्यावर छापतो.

एक गोंधळ आधी दूर करतो. सिरॅमिक पॅड वेगळे आणि कार्बन-सिरॅमिक ब्रेक वेगळे. दुसऱ्यात डिस्कच कार्बन-सिरॅमिकची असते, किंमत लाखांत असते आणि तिचे पॅड ठरलेले असतात. तुमच्या गाडीला त्या डिस्क असतील तर बाहेरचा साधा सिरॅमिक पॅड तिथे लावायचाच नाही. आपण इथे बिडाच्या डिस्कवर चालणाऱ्या पॅडबद्दल बोलतोय.

मी पॅड हातात घेतला की खोक्याआधी पॅडची कड आणि मागची लोखंडी पाटी बघतो. कडेवर आकडे-अक्षरांची एक ओळ छापलेली असते आणि तिच्यात बहुधा शेवटी दोन अक्षरं येतात: एफएफ, जीजी, ईएफ अशी. ती एसएई या अमेरिकन अभियंता-संस्थेच्या पद्धतीची घर्षणाची श्रेणी. पहिलं अक्षर सामान्य तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. जड गाडीसाठी दोन्ही अक्षरं एफ किंवा त्यावरची हवीत, आणि दुसरं अक्षर पहिल्याहून खालचं असेल, म्हणजे एफई, तर तो पॅड तिथेच परत. असा पॅड तापल्यावर ढिला पडतो, आणि घाटात पॅड तापतोच.

ही अक्षरं सर्वस्व मानू नका. ती चाचणी पॅडच्या छोट्या चौकोनी तुकड्यावर होते, गाडीवर नाही. म्हणून माझा जास्त भरवसा दुसऱ्या खुणेवर: वर्तुळात 'ई' आणि शेजारी एक आकडा, पुढे '९०आर' आणि मंजुरी क्रमांक. ही युरोपची आर९० मंजुरी. ती मिळवताना पर्यायी पॅड त्या गाडीच्या मूळ पॅडशी ताडून बघतात आणि कामगिरी मूळच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. ही खूण असलेला सिरॅमिक पॅड मिळाला तर कमी धूळ आणि गाडीच्या वजनाला पुरेशी पकड, दोन्ही एका जागी आले. अमेरिकेतून मागवलेल्या पॅडवर ही खूण बहुधा नसते, तिथे हा नियम नाही. तसा पॅड वाईटच असेल असं नाही, पण अशा वेळी नाव असलेली कंपनी आणि तुमच्या मॉडेलची स्पष्ट यादी असल्याशिवाय मी हात लावत नाही.

तीन पानांचं चिन्ह दिसलं तर त्याला भुलू नका. ते तांब्याच्या प्रमाणाबद्दल आहे. पॅडमधलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर नद्या-खाड्यांत जाऊन माशांना बाधतं, म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्ये त्यावर कायदे केले. चिन्हातलं 'एन' अक्षर म्हणजे तांबं अर्ध्या टक्क्याच्या खाली. चांगली गोष्ट आहे, पण चाक स्वच्छ राहण्याशी तिचा संबंध नाही.

कोणता घ्यायचा? आकेबोनोची युरोपियन गाड्यांसाठीची सिरॅमिक मालिका, एटीई सिरॅमिक, टेक्स्टारचा ईपॅड ही नावं या कामासाठी जगभर घेतली जातात. रोजचं शहर, अधूनमधून एक्स्प्रेस वे आणि सुट्टीत एखादा घाट असं वापरणाऱ्याला मी यांच्यापैकी जे त्याच्या गाडीच्या कॅलिपरसाठी खरोखर छापील यादीत आहे ते सुचवतो. ईबीसीची ग्रीनस्टफ ६००० मालिका एसयूव्ही आणि पिकअपसारख्या जड गाड्यांसाठी आहे, रेडस्टफ वेगवान रस्त्यावरच्या गाड्यांसाठी. तीही बघायला हरकत नाही. ज्यांची गाडी दर आठवड्याला सात माणसं आणि सामान घेऊन कोकणात उतरते, किंवा जे ट्रेलर ओढतात, त्यांना मी मूळ कंपनीचाच पॅड सांगतो आणि चाकं धुवायला सांगतो. माझा हा सल्ला काही जणांना आवडत नाही. पण सेंद्रिय पॅडमधलं राळेचं बंधन साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे जळायला लागतं, त्यातून वायू निघतो आणि पकड घसरते. चांगल्या सिरॅमिकमध्ये ही मर्यादा वर ढकललेली असते, स्वस्तात ती तिथेच असते. भरलेली तीन टनांची गाडी आंबेनळीच्या मध्यावर असताना आपल्याकडचा पॅड यातला कोणता हे शोधायची वेळ येऊ नये.

एएमजी, एम किंवा आरएस बिल्ल्याच्या, म्हणजे वेगासाठी बनवलेल्या गाड्यांना तर मी शक्यतो मूळच ठेवतो. आणि पोर्शे कायेनला पांढरे कॅलिपर असतील तर हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही. २०१८ च्या मॉडेलपासून आलेल्या त्या ब्रेकमध्ये बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर असतो, धूळ ९० टक्क्यांपर्यंत कमी होते असा पोर्शेचा दावा आहे, आणि पॅडही त्या थरासाठीच बनवलेले असतात. युरोपात युरो-७ नियमांनी ब्रेकच्या सूक्ष्म धुळीवर पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे: इंजिनवाल्या आणि हायब्रिड मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, नुसत्या विजेवरच्यांना ३. नव्या मॉडेलांना हे नोव्हेंबर २०२६ पासून लागू. तेव्हा पुढच्या पिढीच्या गाड्यांत पॅड आणि डिस्क दोन्ही बदललेले दिसतील.

फक्त पुढचेच बदलले तर? पुष्कळ जण तसंच करतात, कारण काळी तीच दिसतात. पण पुढची पकड कमी झाली की त्याच पेडलला मागच्या ब्रेकवर प्रमाणाबाहेर भार जातो. चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आणि पुढे-मागे ब्रेकचा जोर वाटणारं ईबीडी सांभाळून घेतात, तरी मुद्दाम त्यांना कामाला का लावायचं? दोन्ही धुऱ्यांना एकाच मालिकेचे घाला. जमत नसेल तर निदान घर्षणाची अक्षरं जुळू द्या.

बसवताना कुठे चुकतं

पॅड मॉडेलच्या नावावरून नाही, चॅसिस नंबरवरून मागवा. एकाच मॉडेलला दोन-तीन व्यासांच्या डिस्क आणि वेगवेगळे कॅलिपर असतात, स्पोर्ट पॅकेज असलं की हमखास. चुकीचा पॅड कधीकधी जवळजवळ बसतो आणि 'जरा ग्राइंड करून घेऊ का?' असा प्रश्न गॅरेजातून येतो. त्याला उत्तर एकच, नाही.

जुन्या डिस्कवर लो-मेटॅलिकचा थर आणि खरवडलेल्या रेषा असतात. त्यावर सिरॅमिक तसाच बसवला तर नवा थर नीट चढत नाही, ब्रेक लावताना थरथर येते आणि लोक पॅडला नावं ठेवतात. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजा, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. जाडी शिल्लक असेल तर लेथवर हलका हात फिरवा, कडेला ठळक काठ आला असेल किंवा जाडी किमानाजवळ असेल तर डिस्कही नव्या.

गाडी उचलण्याआधी एअर सस्पेन्शनला जॅक मोडमध्ये टाकायचं. मागच्या इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकला स्कॅनरने सर्व्हिस मोड द्यायचा. स्क्रू क्लँप लावून मागचा पिस्टन जबरदस्तीने दाबला तर मोटर आणि गिअर जातात, आणि मग पॅडच्या बचतीचा विषय संपतो. पॅडची झीज कळवणारा वेअर सेन्सर नवा घाला. जुना उचकटताना तुटतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मूळ पॅडच्या पाठीला आवाज मारणारी शिम, म्हणजे पातळ पट्टी, किंवा छोटी वजनं असतात. नव्या पॅडला ती नसतील तर कर्कश आवाजाची तयारी ठेवा.

जुनी भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. बिननावाच्या जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि नसला तरी हे कण फुप्फुसात जाण्यासारखे बारीक असतात. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसायचं.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर याच वेळी बदला. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो आणि कोकणच्या हवेत ओलीला तोटा नाही. घाटात पेडल स्पंजासारखं खाली जातं ते पुष्कळदा या ऑइलमुळे, आणि दोष जातो नव्या पॅडच्या माथी.

बसवल्यावर पहिला अर्धा तास

डिस्कवर तो थर चढवायचा असतो. पॅडच्या खोक्यात कंपनीची पद्धत दिलेली असेल तर ती पाळा. नसेल तर पहाटेचा रिकामा, सरळ रस्ता निवडा. ६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १५-२० पर्यंत या, सोडा, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर देऊन. पूर्ण थांबायचं नाही आणि ऑटो होल्ड, म्हणजे थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, बंद ठेवायचा, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून राहिला तर तिथे त्याचा ठसा उमटतो. मग चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. लगेच गाडी धुवायला नेऊ नका, तापलेल्या डिस्कवर थंड पाणी नको.

सुरुवातीचे काही शे किलोमीटर धूळ उलट जास्त दिसेल, मग कमी होत जाईल. सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक मूळ पॅडपेक्षा बोथट वाटतील. हा स्वभाव आहे, बिघाड नाही. पण पाय सवयीने जिथे दाबायचा तिथे गाडी थोडी पुढे जाऊन थांबते, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा, ड्रायव्हरकाकांना आधी.

तांबूस ठिपके आधीच धरलेले असतील तर पॅड बदलून ते जाणार नाहीत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. चाक पूर्ण थंड असताना, सावलीत मारा. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होऊन ओघळतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. दोन-चार मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुवा. हायवेवरच्या वॉशिंग सेंटरवर बाटलीतून जे अॅसिड मारतात ते टाळा. डायमंड-कट चाकाच्या लॅकरखाली ते शिरलं की पांढऱ्या रेषा सरपटत जातात आणि मग चाक पुन्हा लेथवर चढवण्यावाचून इलाज नसतो. डिस्क आणि चाकाच्या मधे बसणाऱ्या धूळ अडवणाऱ्या तबकड्याही विकतात. अडीच टनांच्या गाडीला त्या लावू नका, हवेचा मार्ग बंद होऊन ब्रेक जास्त तापतात.

हजारेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा चारही चाकं उजेडात बघा. सगळी सारखी फिकट करडी असतील तर काम झालं. एखादंच पुन्हा काळं दिसलं तर दुसरा पॅड शोधू नका. ते चाक काढा, कॅलिपर उघडा, आतला पॅड बघा.